‘भाकरीचा चंद्र’: रूपक अलंकार लिहून झालं, पुढे काय?

पूर्वभाग_अभ्यासिका
नमस्कार मंडळी. सोलापूरच्या पूर्व भागात मी संध्याकाळी दहावीच्या मुलांची अभ्यासिका घेते. बहुतेकांच्या घरी तेलुगू बोलतात. कुणाची आई विड्या वळते, कुणाचे वडील यंत्रमागावर आहेत. सध्या नारायण सुर्वे यांची ‘दोन दिवस’ चालू आहे. रसग्रहण लिहायला दिलं की तीस वह्यांमध्ये एकच उत्तर येतं: ‘कवीने कष्टाचे महत्त्व सांगितले आहे. भाकरीचा चंद्र यात रूपक अलंकार आहे. या कवितेतून परिश्रम करण्याचा संदेश मिळतो.’

गुण मिळतात, तक्रार गुणांची नाही. पण ‘परिश्रम करा’ असं सुर्व्यांनी या कवितेत कुठे म्हटलंय? तो माणूस तर जिंदगी बरबाद झाली म्हणतो. मुलं अलंकार एका कप्प्यात ठेवतात, आशय दुसऱ्या कप्प्यात, आणि दोन्हींच्या मधून कविता निसटते.

माझं मत असं, की कष्टाच्या चांगल्या कवितेतला धीर हा प्रतिमेत असतो. उपदेश शोधत बसलं तर हाती काही लागत नाही. प्रतिमा नीट उघडली की आशय तिथेच सापडतो. पण हे पंधरा वर्षांच्या मुलांना दाखवायचं कसं? तुम्ही कसं शिकवता, किंवा तुम्हाला कुणी कसं शिकवलं, ते सांगा.

मालदांडी
ताई, भाकरीपासूनच सुरुवात करा की ओ. आमच्या मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरली की पांढरीशुभ्र, गोल, वर हलके डाग. चंद्रावर असतात तसेच. मुलांनी रोज पाहिलेली वस्तू आहे ही. आधी चंद्र आणि भाकरी यांच्यात काय काय सारखं आहे ते त्यांच्याच तोंडून काढा: रंग, गोलाई, डाग. मग काय वेगळं आहे ते विचारा. भाकरी हातात येते, चंद्र येत नाही. आणि सुर्व्यांच्या माणसाला भाकरी शोधावी लागते! म्हणजे जी वस्तू हाताशी असायला हवी ती आभाळात जाऊन बसली. सगळी गरिबी त्या दोन शब्दांत आली की नाही?

बाळीवेस
आणि कडक भाकरी मोडली की अर्धचंद्र पण मिळतो. 😄

जुना_परीक्षक
मालदांडी यांनी म्हटलं त्यात एक भर घालतो. त्या ओळीच्या आधी काय आहे ते मुलांना मोठ्याने वाचायला लावा. शेकडो वेळा चंद्र आला, तारे फुलले, रात्र धुंद झाली. हा सगळा माल प्रेमकवितेतला आहे. वाचणारा त्या सुरात रमतो न रमतो तोच कवी ‘भाकरीचा चंद्र’ म्हणतो. एक चंद्र सगळ्यांच्या वाट्याचा, तो येऊन गेला. दुसरा या कामगाराच्या वाट्याचा, तो शोधण्यातच आयुष्य गेलं. प्रतिमा एकटी उचलली तर निम्मी कळते, शेजारच्या ओळीसकट उचलली तर पूर्ण.

मात्र ताई, अलंकाराचं नाव लिहिणं व्यर्थ आहे असा सूर निघत असेल तर मी सहमत नाही. अनेक वर्षं पेपर तपासले आहेत. नाव ओळखता आलं की कवीने दोन वस्तू किती जवळ आणल्या ते मोजता येतं. ‘चंद्रासारखी भाकरी’ म्हटलं असतं तर उपमा झाली असती, मध्ये ‘सारखी’चा उंबरठा राहिला असता. ‘भाकरीचा चंद्र’मध्ये तो उंबरठा नाही. उपाशी माणसाला तेवढं अंतर ठेवायची सवड नसते. याच कवितेत पुढे झोतभट्टीत शेकल्या जाणाऱ्या पोलादाशी आयुष्याची तुलना येते, तिथे मात्र ‘तसे’ आहे, म्हणजे उपमा. एकाच कवीने एकाच कवितेत एका जागी रूपक आणि दुसऱ्या जागी उपमा का घेतली, हा प्रश्न हुशार मुलांपुढे टाकून बघा.

पूर्वभाग_अभ्यासिका
सर, नावाला माझा विरोध नाही. नाव लिहून मुलं थांबतात, त्याला आहे. उपमा-रूपकाचा प्रश्न उद्याच विचारते.

चार_हूक
मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर आहे. कवितेचा अभ्यास फक्त शाळेत झाला तेवढाच, पण धागा वाचून राहवलं नाही.

सगळे हिला जिद्दीची कविता समजतात. मला ती हिशोबाची कविता वाटते. दोन दिवस वाट पाहण्यात गेले, दोन दुःखात गेले, आता किती उन्हाळे उरले त्याचा हिशोब करतोय, असंच म्हणतो ना तो? आमच्याकडे आठवड्याचा पगार होतो. उचल वजा, खाडे वजा, उरलं ते घरी. तो माणूस आयुष्याकडे तसाच बघतो. आणि उरलेली वर्षं ‘उन्हाळे’ म्हणून मोजतो, पावसाळे म्हणून मोजत नाही. सोलापुरात पत्र्याच्या शेडखाली मे महिन्यात माग चालवलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. डोईवर उन्हाळा म्हणजे काय ते टाळूला माहीत असतं.

जिद्द वगैरे नंतर. आधी थकवा आहे. मुलांना थकवा दाखवा, त्यांनी तो घरी बघितलाय.

भुईकोट
वा! ‘उन्हाळे’वर मी आजवर थांबलोच नव्हतो.

मीर_की_जमीन
चार_हूक भाई, बहोत खूब. त्या ओळीमागे उर्दूतला प्रसिद्ध शेरही उभा आहे. मोठं आयुष्य मागून आणलं ते चार दिवसांचं, दोन आरजूत गेले, दोन इंतजारात. आमच्याकडे मुशायऱ्यात पोरंसुद्धा तो पाठ म्हणतात. पण शेरातला माणूस आशिक आहे. सुर्व्यांनी तेच चार दिवस कामगाराला दिले: दोन वाट पाहण्यात, दोन दुःखात. आशिकाचं वाट पाहणं आणि कामगाराचं वाट पाहणं यात केवढा फरक! हीच युक्ती वर चंद्राच्या बाबतीत जुना_परीक्षक सरांनी दाखवली. प्रेमकवितेचं सामान घेतलं आणि गिरणीच्या दारात ठेवलं.

पूर्वभाग_अभ्यासिका
हे मला कधी सुचलं नसतं. चार_हूक दादा, थकवा दाखवा म्हणालात ते पटलं. पण शेवटाकडे तो माणूस म्हणतो की दुःख कसं पेलावं, पुन्हा कसं जगावं हे याच शाळेत शिकलो. त्यातला ‘पुन्हा’ तुम्हाला जिद्दीचा वाटत नाही का? सुर्व्यांच्या १९६६ सालच्या संग्रहाचं नावच ‘माझे विद्यापीठ’. रस्ता, कारखाना, फुटपाथ ही त्यांची शाळा. अनाथ म्हणून सापडलेल्या या पोराला गिरणी कामगारानेच घरी नेऊन वाढवलं. त्यामुळे ‘शाळा’ हे रूपक त्यांनी शोभेसाठी आणलेलं नाही.

चार_हूक
‘पुन्हा’ बरोबर आहे ताई. पण ते हिशोब करून झाल्यावर येतं, आधी नाही. मुलं थेट तिथेच उडी मारतात.

सीनाकाठ
माझं गाव सीना नदीवर. २०२५ च्या सप्टेंबरात पुराने काय झालं ते जिल्ह्याला माहीत आहे. त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात, प्रत्येक बॅनरवर कुसुमाग्रजांची ‘कणा’ दिसायला लागली. कवितेवर माझं प्रेम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्याच्या घरात पाणी शिरलं तोच माणूस पुराला ‘गंगामाई पाहुणी आली’ म्हणतो. पुस्तकात याला चेतनगुणोक्ती म्हणतात, निर्जीवाला माणसासारखं वागवणं. पण नदीकाठच्या माणसाला हा अलंकार वाटतच नाही. आमच्याकडे सीनामाईच म्हणतात. पीक वाहून गेलं तरी म्हातारी माणसं नदीला शिवी देत नाहीत. पुढे माहेरवाशीण येते. माहेरवाशिणीला हक्क असतो घरभर वावरायचा, आणि तिला मोकळ्या हाताने पाठवत नाहीत, ओटी भरतात. कवितेत ती जाताना घरातलं सगळं घेऊन जाते, बायको तेवढी वाचते. म्हणजे जे लुटून नेलं ते तो माणूस ‘दिलं’ असं सांगतो. मागे राहिलेल्या डोळ्यांतल्या पाण्याला ‘प्रसाद’ म्हणतो. दोष द्यायला कुणी सापडत नाही तेव्हा माणूस असं बोलतो. स्वतःला उभं ठेवण्यासाठी बोलतो. मला तरी त्या कवितेचा कणा या बोलण्यात दिसतो. शेवटची ओळ नंतर येते, तोवर काम झालेलं असतं.

आता जे खटकतं ते. घरात गुडघाभर गाळ असताना ‘फक्त लढ म्हणा’चे फ्लेक्स लागले. कवितेतला माणूस पैसे नको म्हणतो, मग आम्हीही नको म्हणायचं का? लढ म्हणणारे पुष्कळ येऊन गेले, पंचनाम्याला मात्र वाट बघावी लागली. अशा वेळी ही कविता संकटग्रस्ताला गप्प बसवायला वापरली जाते असं मला वाटतं. मुलांना हेही शिकवा.

बाळीवेस
शंभर टक्के. माझ्या मावशीचं घर त्याच पट्ट्यात आहे.

जुना_परीक्षक
सीनाकाठ, तुमचा राग योग्य आहे, पण तो कवितेवर काढू नका. पैसे नको म्हणतो तो कुणाला? आपल्या जुन्या सरांना. सरांचा हात खिशाकडे गेल्याबरोबर तो हसत उठतो, एकटेपणा वाटला म्हणून आलो म्हणतो. ते गुरू-शिष्याचं नातं आहे. सरकारी मदत नाकारण्याचा तिथे संबंधच नाही. मदत हा नागरिकाचा हक्क, तो सोडायला ही कविता कुठेही सांगत नाही.

पूर्वभाग_अभ्यासिका
या दोन प्रतिसादांवर बराच विचार केला. मला वाटतं इथे ‘बोलतो कोण’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ‘लढ म्हणा’ हे सरांचं वाक्य नाही, ज्याचं घर गेलं त्याचं आहे. त्याने मागितलं तर तो स्वाभिमान. तेच वाक्य कोरड्या घरातल्या माणसाने फ्लेक्सवर छापलं तर ती जबाबदारी झटकणं. शब्द तेच आहेत, बोलणारा बदलला की आशय पार उलटतो. कष्टाच्या कोणत्याही कवितेत मुलांनी आधी हे शोधायला हवं: सोसणारा बोलतोय की बघणारा?

सीनाकाठ
हे मान्य. हेच हवं होतं. आमच्या शाळेतल्या मुलांना या बाजूने कविता परत वाचायला देतो.

भुईकोट
मग केशवसुतांची ‘तुतारी’ कुठे बसते? १८९३ ची कविता. ‘प्राप्तकाल हा विशाल भूधर, सुंदर लेणी तयात खोदा’. तिथे सोसणारा नाही, बघणाराही नाही. तिथे हाक आहे, सगळी क्रियापदं आज्ञेची. पण रूपक बघा किती अवघड कामाचं: आजचा काळ म्हणजे डोंगर, आणि त्यात लेणी खोदायची. लेणं खोदणं हे एका माणसाच्या, एका पिढीच्याही आवाक्यातलं काम नाही. चिकाटी हा शब्द न वापरता चिकाटीच सांगितली.

मालदांडी
भुईकोट, आमच्या गावच्या चोखोबांना विसरू नका. ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा’. ऊस वाकडा, कमान वाकडी, नदी वाकडी, पण रस, तीर आणि पाणी वाकडं नाही. आणि शेवटी ‘चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा’. मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना ते कोसळलं आणि त्याखाली चोखोबा गेले, १३३८ सालची गोष्ट. ज्याला देवळाच्या आत येऊ दिलं नाही तो माणूस स्वतःच्या बाजूने साक्षीदार उभे करतोय, एकामागून एक. दृष्टांत अलंकार म्हणून सोडून देऊ नका. उसाच्या या जिल्ह्यात कोणत्याही पोराला हा पहिला साक्षीदार लगेच पटेल.

कान्होपात्राही मंगळवेढ्याचीच. ‘हरिणीचे पाडस व्याघ्रे धरियेले, मजलागी जाहले तैसे देवा’. तिथे वाद घालायला वेळ नाही, वाघाची दाढ लागलेली आहे. एकच उपमा, आणि हाक. चोखोबा तीन उदाहरणं देतात कारण ते युक्तिवाद करताहेत. ही एकच देते कारण तिचा जीव चाललाय. दृष्टांत किती आणि उपमा किती यावरूनसुद्धा माणूस कोणत्या परिस्थितीत आहे ते कळतं.

जुना_परीक्षक
मालदांडी, हा शेवटचा मुद्दा फार सुरेख. माझ्या वहीत लिहून ठेवतोय.

सूप_आणि_पानं
मी इतके दिवस फक्त वाचत होते, पण बहिणाबाई आल्याच नाहीत अजून! आई विड्या वळायची, आता डोळ्यांनी साथ सोडली. मी तिच्याशेजारी बसून पानं कापत दहावी केली.

‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर, आधी हाताला चटके तेव्हा मिळते भाकर’. आम्हाला याचा अर्थ ‘कष्टाशिवाय फळ नाही’ असा सांगितला होता. मला तो कायम कमी वाटला. त्यात ‘आधी’ आणि ‘तेव्हा’ आहे, म्हणजे क्रम आहे. चटका आधीच बसतो, भाकरी मागून येते. हा क्रम बदलता येत नाही असं ती सांगते, पण चटका चांगला असतो असं ती कुठेच म्हणत नाही. तिला तव्याचा राग नाही, कौतुकही नाही. रोज चुलीपुढे बसणाऱ्या बाईचं हे बोलणं आहे. पूर्वभाग_अभ्यासिका ताईंनी म्हटलं तसं, सोसणारी बोलते आहे.

त्याच कवितेत भिलावा येतो, आपण बिब्बा म्हणतो तो. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं तर कातडी उतते, आणि त्याच्याच आत गोडंबी असते. संसाराला नुसता भिलावा म्हणू नको, आत गोडंब्याचा ठेवा आहे, असं ती म्हणते. ज्या बाईने तरुणपणी वैधव्य पाहिलं, शेतात राबली, तिने हे म्हणावं! पण बिब्बा फोडताना हात पोळतात ते तिला ठाऊक होतं, म्हणूनच तिने तो निवडला असणार. दुसरं एखादं गोड फळ घेतलं असतं तर खोटं वाटलं असतं.

बाळीवेस
ताई, तुम्ही आधी का नाही लिहिलंत? लै भारी.

चार_हूक
माझ्या पोरीला वाचून दाखवला हा प्रतिसाद. ती म्हणते गोडंबी लाडवात घालतात ना? म्हटलं हो, तीच.

मीर_की_जमीन
विषय सोलापूरचा आहे तर आपल्या कवी कुंजविहारींचं नाव घ्यायलाच हवं. ‘भेटेन नऊ महिन्यांनी’. फाशी जाणारा स्वातंत्र्यसैनिक आईला धीर देतो की नऊ महिन्यांनी परत येईन, पुन्हा जन्म घेऊन. मरण या शब्दाऐवजी नऊ महिने. आईला सगळ्यात जवळचा हिशोब कोणता असेल तर हाच. ज्या शहराने १९३० साली मार्शल लॉ सोसला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी जाताना पाहिलं, तिथे ही कविता वाचताना अलंकार शिकवावा लागत नाही. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी मुलांना नेऊन एकदा वाचा, ताई.

पूर्वभाग_अभ्यासिका
नक्की नेते. अभ्यासिकेपासून चालत जाण्यासारखं आहे.

दहावी_ब
मी ताईंच्याच अभ्यासिकेत आहे. दादाच्या खात्यावरून लिहितोय. हे सगळं वाचलं, पण पेपरात लिहिलं तर मार्क मिळतील का? गाईडमध्ये असं नाही. आणि वेळही कमी असतो.

जुना_परीक्षक
बाळ, मिळतील. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे तिन्ही मुद्दे येऊ देत, परीक्षक तेच शोधतो. अलंकाराचं नाव लिहिच. फक्त नावापुढे एक वाक्य असं लिही, ‘यामुळे कवीला काय सांगता आलं’. उदाहरणार्थ, ‘भाकरीचा चंद्र या रूपकामुळे रोजची भाकरीही कामगाराला चंद्राइतकी दूर वाटते हे कळते.’ दोन ओळींचं काम आहे, वेळ जात नाही. आणि ‘संदेश मिळतो’ने उत्तर संपवायची सक्ती कुणी केलेली नाही.

दहावी_ब
थँक्यू सर. अजून एक. सुर्वे म्हणतात आयुष्य ‘छान शेकले’. भट्टीत शेकलं तर छान कसं? गाईडमध्ये लिहिलंय की कवी समाधानी आहे.

भुईकोट
मला तो उपरोध वाटतो. ‘काय छान केलंस’ आपण रागाने म्हणतो तसा.

सूप_आणि_पानं
मला नाही वाटत. आई भाकरी निखाऱ्याला लावून ‘छान शेकली’ म्हणते तेव्हा तिचं कामावर समाधान असतं. सुर्व्यांनी भाकरीचं क्रियापद पोलादाला लावलंय. ज्याला भाकरीचा चंद्र मिळाला नाही, त्याचं स्वतःचं आयुष्यच भाकरीसारखं शेकून निघालं.

चार_हूक
दोन्ही आहे. शिफ्ट संपल्यावर माणूस ‘झालं बाबा छान’ म्हणतो ना, त्यात शिवीही असते आणि काम पूर्ण केल्याचा ताठाही असतो.

जुना_परीक्षक
दहावी_ब, तुला कोणतं पटतं ते लिही, पण कारण कवितेतूनच दे. ‘पोलाद’ हा शब्द सोडू नकोस. भट्टीतून राख निघत नाही, पोलाद निघतं. माझं मत चार_हूक यांच्या बाजूने.

पूर्वभाग_अभ्यासिका
आमच्या मुलांचा कौल शनिवारी घेते आणि इथे टाकते. सूप_आणि_पानं ताई, तुम्ही पूर्व भागातच असाल तर शनिवारी सहानंतर याल का? बहिणाबाईंची कविता तुम्हीच घ्या, मी मागे बसून ऐकते.

सूप_आणि_पानं
येते की. आईलाही घेऊन येते, गोडंबी कशी काढतात ते तीच सांगेल.